माते प्यायचं भांडं: आर्जेन्टिनातली एक खरेदी



‘माते’ हा शब्द ऐकला की आपल्याला वाटतं, नाटकातला कुणी राजपुत्र आईच्या पाया पडतोय. पण दक्षिण अमेरिकेत माते म्हणजे एक पेय, आणि ते ज्यातून पितात त्या भांड्याचंही नाव मातेच. इथे इस्राएलात तुम्ही ते नक्की पाहिलं असेल. किबुत्सातले आर्जेन्टिनी, बगलेत थर्मास दाबून समुद्रावर फिरणारी तरुण मुलं, नाहीतर गालिलातल्या द्रूझ गावात अंगणात खुर्च्या टाकून बसलेली म्हातारी मंडळी. हातात मुठीएवढा भोपळा, त्यात खोचलेली धातूची नळी, आणि तोच भोपळा या हातातून त्या हातात फिरतोय. आमच्या अश्दोदच्या बिल्डिंगमधल्या एका मावशींना तर बरेच दिवस तो हुक्काच वाटत होता.

आमच्या धाकटीचं सासर आर्जेन्टिनी. त्यामुळे माते आमच्या घरात बारा वर्षांपूर्वीच आलं. पण त्याचं भांडं निवडणं हे किती नाजूक काम आहे ते 2023 च्या मार्चमध्ये कळलं. पुरीम उरकून आम्ही उभयता, लेक, जावई आणि आठ वर्षांचा नातू असे माद्रिदमार्गे बुएनोस आयरेसला गेलो. बऱ्याच जणांनी फोन करून विचारलं, तिकडून आणायचं झालं तर कुठलं भांडं आणावं? म्हणून हा लेख.

आधी माते म्हणजे काय

येर्बा माते हे एका सदाहरित झाडाचं पान. आर्जेन्टिनाचा मिसियोनेस प्रांत, पाराग्वे आणि ब्राझीलचा दक्षिण भाग हे त्याचं माहेर. तिथले मूळचे ग्वारानी लोक ते पूर्वीपासून वापरत. पुढे जेझुइट पाद्र्यांनी त्याची पद्धतशीर लागवड केली. 1767 साली स्पेनच्या राजाने त्या पाद्र्यांना हाकलून दिलं आणि मळे ओस पडले, पण सवय काही सुटली नाही. आज आर्जेन्टिनात चहा-कॉफीपेक्षा मातेचा मान मोठा. 2013 साली तिथे कायदा करून त्याला राष्ट्रीय पेय ठरवलं. 30 नोव्हेंबर हा मातेचा राष्ट्रीय दिवस. आंद्रेस ग्वाकुरारी या ग्वारानी पुढाऱ्याचा तो जन्मदिवस.

पानं वाळवून, कुटून भरड करतात. भांड्यात ही भरड दोन-तृतीयांश, कधी पाऊण भरतात, म्हणजे पाण्यापेक्षा पाला जास्त. मग एका बाजूने थोडं थोडं गरम पाणी ओतायचं आणि धातूच्या नळीने ओढायचं. या नळीला तिकडे बोंबिशा म्हणतात. (आमच्या ह्यांनी पहिल्याच दिवशी तिचं ‘बोंबील’ करून टाकलं, ते शेवटपर्यंत बोंबीलच राहिलं.) नळीच्या खालच्या टोकाला बारीक भोकांचं गाळणं असतं, त्यामुळे पाला तोंडात येत नाही. एकदा भरलेल्या पाल्यावर दहा-पंधरा वेळा पाणी ओततात.

आता मुख्य गोष्ट. ‘मती’ हा तिकडच्या केचुआ भाषेतला शब्द, त्याचा अर्थ भोपळ्याचं भांडं. म्हणजे भांड्याचं नाव पेयाला पडलं. आपण चहाला ‘कप’ म्हणावं तसं झालं हे! यावरून भांड्याला किती महत्त्व ते ओळखा.

आणि हा भोपळा कोणता, तर आपला दुध्या भोपळा ज्या जातीचा त्याच जातीचा, टणक सालीचा. मुलांनो, कोकणात पोहायला शिकताना पाठीला सुका भोपळा बांधत, म्हणजे बुडायची भीती नाही. मिरजेला तंबोरे होतात त्यांचं पोट भोपळ्याचं. आपल्या कीर्तनांत मागे तंबोरा धरलेला तुमच्या आजोबांना आठवत असेल. म्हाताऱ्या आजीला लेकीच्या घरून परत आणणारा भोपळा तर तुम्ही गोष्टीत ऐकलाच आहे. तर असा हा ओळखीचा भोपळा दुसऱ्या टोकाला जाऊन चहाचा पेला झालेला आहे.

व्याह्यांच्या घरी

आमचे व्याही बुएनोस आयरेसमध्ये एकटेच राहतात. विहीणबाई 2020 च्या जुलैमध्ये साथीत गेल्या. तेव्हा विमानं बंद होती. जावयाने आईची लेवाया, म्हणजे अंत्ययात्रा, टेलिफोनच्या पडद्यावर पाहिली. त्यानंतर तो पहिल्यांदाच बापाच्या घरात पाऊल टाकत होता.

विहीणबाईंचं मातेचं भांडं ओट्यावरच्या कपाटात होतं. ज्या दिवशी त्यांना हॉस्पिटलात नेलं त्या दिवशी ते अर्धवट भरलेलंच राहिलं. कित्येक महिने त्याला कुणी हात लावला नाही. भोपळ्यात ओला पाला राहिला तर बुरशी धरते, आणि मग सुकून तडा जातो. तसंच झालं होतं. मात्र त्याच्या तोंडावरची चांदीची कडी शाबूत होती. ती कडी व्याह्यांच्या आजीची. आजी सांता फे प्रांतातल्या मोइझेसव्हिल या यहुदी वसाहतीत जन्मलेली. आजीकडून सुनेकडे, तिच्याकडून नातसुनेकडे अशी ती कडी आलेली.

जावई म्हणाला, हे आहे तसंच इस्राएलला नेऊन काचेच्या कपाटात ठेवू. व्याही म्हणाले, फुटकं भांडं कपाटात ठेवून काय करायचं? कडी काढून नव्या भोपळ्यावर बसवू, तुझ्या घरी लोक त्यातून पितील. जावयाला ते पटेना. आईचा हात ज्या भोपळ्याला लागला तोच टाकायचा?

दोन दिवस घरात हाच विषय. भाषेची पंचाईत होतीच. व्याह्यांना स्पॅनिश आणि मोडकं हिब्रू, आम्हाला हिब्रू आणि मराठी. शेवटी आमचे हे मधे पडले. आमच्याकडे माझ्या सासूबाईंचा रेवदंड्याचा पितळी तांब्या आहे. त्याला तिकडे असताना किती वेळा कल्हई झाली ते मोजलेलं नाही. इथे आल्यावर बूड चिरलं, ते झाळून घेतलं. अजून रोज पाणी पितो त्यातून, आणि अजून तो सासूबाईंचाच म्हणवतो. ह्यांनी एवढंच सांगितलं. जावई काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने फडक्यात ते भांडं गुंडाळलं आणि म्हणाला, चला, बाजारात जाऊ.

सान तेल्मोचा रविवार

सान तेल्मो हा बुएनोस आयरेसचा जुना भाग. दगडी गल्ल्या, लोखंडी सज्जे. दोर्रेगो चौकात 1970 पासून दर रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो आणि देफेन्सा नावाच्या रस्त्यावर लांबच लांब पथाऱ्या लागतात. आपल्या चोरबाजाराची आठवण यावी असा देखावा. सोड्याच्या निळ्या बाटल्या, ग्रामोफोन, पितळी मुठी, आणि पावलोपावली मातेची भांडी.

त्या दिवसांत महागाई वर्षाला शंभर टक्क्यांच्या पुढे गेलेली. भावाच्या चिठ्ठ्या बहुतेकांनी लावणंच सोडून दिलेलं. विचारावं तेव्हा भाव कळे, आणि संध्याकाळी आणखी वेगळा. अशा बाजारात दिसतं तसं नसतं. म्हणून व्याह्यांनी आम्हाला सकाळभर हिंडवून जे शिकवलं ते इथे सांगते.

भोपळा. सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत लाडका. चवीला याच्यासारखा दुसरा नाही असं जुनी मंडळी म्हणतात, कारण भोपळा पेयाचा थोडा रस पितो आणि पुढच्या वेळी परत देतो. घेताना हातात तोलून बघायचा. आकाराच्या मानाने जड लागला तर साल जाड, म्हणजे टिकाऊ आणि हाताला चटका न देणारा. पातळ भोपळा लवकर चिरतो. आत बोट फिरवून बघायचं, बाहेर डाग किंवा केसाएवढी रेघ आहे का ते उजेडात धरून बघायचं. आकार तऱ्हेतऱ्हेचे. चपट्या बिस्किटासारखा तो गायेता, नासपतीसारखा लांबोडका तो पोरो. रुंद तोंडाचा तो कामिओनेरो, म्हणजे ट्रकवाल्याचा, कारण गाडी चालवताना पाणी ओतायला सोपा. बाहेरून कातडं शिवलेलं असलं तर पकड चांगली येते, पण कातड्याखाली तडा लपवलेला असू शकतो. टाके बघावे, आणि नाकाशी धरावं. गोंदाचा वास आला तर खाली ठेवावं.

तोंडावर नक्षीची कडी असली की त्याला रुबाब येतो. बाजारातल्या बहुतेक कड्या अल्पाकाच्या असतात. अल्पाका म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्र धातू, आपल्याकडे ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात तोच. ‘चांदी, चांदी’ म्हणून ओरडणाऱ्याकडे शिक्का मागावा.

लाकूड. आल्गार्रोबोचं किंवा पालो सान्तोचं. पालो सान्तोचं लाकूड हिरवट, दगडासारखं जड आणि सुगंधी. पेयात त्याचा वास उतरतो. मात्र या झाडाची फार तोड झाली, म्हणून 2010 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियम आहेत. घेण्याआधी चौकशी करावी. लाकूड वापरण्याआधी आतून स्निग्ध करावं लागतं, नाहीतर तडकतं. तिकडे लोणी चोळतात. आपल्या घरांत लोणी चोळलं की भांडं दुधाचं झालं! व्याह्यांच्या घरी त्यासाठी तेल वापरतात.

काच, चिनी माती, एनॅमल, स्टील. यांना चव धरत नाही, तशी बुरशीही धरत नाही. धुवायला सोपी. नवशिक्यांना, विसरभोळ्यांना आणि ज्यांचे हात थरथरतात त्यांना हीच बरी. एकेरी पत्र्याचं भांडं मात्र हात भाजतं, घ्यायचं तर दुहेरी भिंतीचं घ्यावं. काचेचं घेतलं तर बाहेरून कातडं किंवा विणलेलं वेष्टण असलेलं बघावं. हल्ली रबरासारख्या सिलिकॉनचीही निघाली आहेत. दिसायला खेळण्यातली, पण पडून फुटत नाहीत.

शिंग. हे पाराग्वेकडचं. तिथल्या उन्हात माते बर्फाच्या पाण्यात पितात, त्याला तेरेरे म्हणतात. 2020 साली युनेस्कोने तेरेरेच्या परंपरेला आपल्या वारसायादीत घेतलं. त्याचं भांडं बैलाच्या शिंगाचं, त्याला ग्वाम्पा म्हणतात. नातवाने ते पाहिल्याबरोबर तोंडाला लावलं आणि शोफारसारखं फुंकलं. दुकानदार हसला. मग नातवाला सांगितलं, बाबा, गायीबैलाच्या शिंगाचा शोफार चालत नाही, एवढं तरी ध्यानात ठेव.

ब्राझीलच्या दक्षिणेत भोपळा मोठा, वाडग्यासारखा पसरट, कारण त्यांची पत्ती हिरवीगार आणि पिठासारखी बारीक. उरुग्वेतली पत्तीही बारीक, काड्या नसलेली. आर्जेन्टिनाच्या पत्तीत काड्या असतात. म्हणून आधी पत्ती कुठली पिणार ते ठरवावं, मग भांडं आणि नळी. बारीक पत्तीला भरड गाळण्याची नळी घेतली की दुसऱ्या घोटालाच ती तुंबते.

आणखी एक. गोड पिणारे आणि कडू पिणारे यांची भांडी तिकडे वेगळी. साखर एकदा भोपळ्यात मुरली की कडू पिणाऱ्याला ते नको होतं. लहान मुलांना कधी कधी दुधातलं माते देतात, त्याचं भांडं तर वेगळंच हवं. हे ऐकून आमच्या लेकीला हसू आलं. म्हणाली, दुधाचं वेगळं, हे तर आपल्याला शिकवायलाच नको.

आरेकोचा कारागीर

सान तेल्मोत आमच्या कडीच्या मापाचा भोपळा मिळाला नाही. एक मोठा, एक लहान, एक तिरका. एका विक्रेत्याने तर कडी कापून लहान करून देतो म्हटलं. व्याह्यांनी त्याच्या हातातून ती काढूनच घेतली.

मग बुएनोस आयरेसपासून शंभरावर किलोमीटर वायव्येला सान आन्तोनिओ दे आरेको या गावी गेलो. हे गाउचो लोकांचं गाव. गाउचो म्हणजे तिकडच्या गवताळ मैदानांतले घोडेस्वार गुराखी. रिकार्दो ग्विराल्देस यांनी 1926 साली त्यांच्यावर कादंबरी लिहिली आणि हे गाव प्रसिद्ध झालं. नदीवर 1857 सालचा जुना गुलाबी पूल आहे, बुटकी घरं आहेत, रस्त्यात रहदारी नाही. आणि चांदीकाम करणाऱ्यांची लहान लहान दुकानं आहेत. खोगिराच्या रिकिबी, सुऱ्यांच्या मुठी आणि मातेच्या कड्या हे त्यांचं काम.

एका म्हाताऱ्या कारागिराने भांडं हातात घेतलं, भोपळा एकदा बघून बाजूला ठेवला, आणि कडी भिंगाखाली धरली. चांदी खरी आहे, म्हणाला. मग जे बोलला ते जावयाने आम्हाला हिब्रूत सांगितलं. भोपळे बदलतातच. रोज वापरलेला भोपळा काही वर्षं टिकतो, मग जातो. चांदी राहते. या कडीखालचा हा भोपळा पहिला नव्हेच. आत जुन्या डिंकाचे थर आहेत, निदान दोनदा तरी हा बदललेला दिसतो.

जावई बराच वेळ त्या कडीकडे बघत राहिला. म्हणजे आईनेही कधीतरी जुना भोपळा टाकून नवा बसवला होता, आणि घरात कुणाला ते आठवतही नव्हतं. व्याह्यांना मात्र आठवलं. लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी विहीणबाईंच्या हातून तो पडला होता आणि दोन दिवस त्या रडत होत्या, म्हणाले.

मग कारागिराने टोपलीभर सुके भोपळे टेबलावर ओतले. कडी एकेकावर ठेवून बघायची. निवडायचं काम नातवाने केलं. जो भोपळा कडीत डगमगला नाही आणि टेबलावर टेकवल्यावर कलंडला नाही तो त्याने पुढे सरकवला. बसवून घ्यायला तासभर लागला. जुना भोपळा कारागिराने फेकला नाही, कागदात बांधून व्याह्यांच्या हातात दिला.

मोइझेसव्हिल

तो जुना भोपळा घेऊन व्याही आम्हाला मोइझेसव्हिलला घेऊन गेले. बुएनोस आयरेसपासून सहाशे किलोमीटरच्या आसपास, दिवसभराचा प्रवास. दोन्ही बाजूंना सपाट माळ, गुरं आणि आकाश. डोंगर म्हणून दिसत नाही.

1889 च्या ऑगस्टमध्ये ‘वेसेर’ नावाच्या बोटीतून रशियन साम्राज्यातले आठशेवर यहुदी बुएनोस आयरेसला उतरले. ज्या जमिनीचा सौदा करून आले होते ती त्यांना मिळाली नाही. पालासिओस नावाच्या रेल्वे स्टेशनापाशी ते मालगाडीच्या डब्यांत आणि शेडमध्ये राहिले. तिथे रोगराई पसरली आणि साठाहून अधिक मुलं दगावली. त्यातून उरलेल्यांनी ही वसाहत उभी केली. त्यांच्या रब्बींनी तिला किर्यात मोशे हे नाव दिलं, त्याचं मोइझेसव्हिल झालं. पुढे 1891 साली बॅरन हिर्श यांनी वसाहतींसाठी संस्था काढली आणि आणखी हजारो यहुदी आर्जेन्टिनाच्या मातीत नांगर धरायला आले.

ही समोवारचा चहा काचेच्या पेल्यातून पिणारी माणसं. घोड्यावर बसायला, गुरं वळायला आणि माते प्यायला त्यांना गाउचो शेजाऱ्यांनी शिकवलं. आल्बेर्तो गेर्चुनोफ यांचं ‘यहुदी गाउचो’ हे पुस्तक 1910 सालचं, ते याच लोकांबद्दल. ऐकताना मला आपले नवगावचे पूर्वज आठवत होते. किनाऱ्याला लागलेली सात जोडपी, हातात काही नाही, आणि मग घाणा, तेल, लुगडं, भाकरी, नारळ हे सगळं शेजाऱ्यांकडून घेऊन आपलं झालेलं. त्यांनीही पहिल्यांदा करवंटीतून पाणी प्यायलं असेल तेव्हा ते परकंच वाटलं असेल.

गावात आता यहुद्यांची थोडकीच घरं उरली आहेत. मुलं शिकली आणि शहरांत गेली. आम्ही गहू पेरला आणि डॉक्टर उगवले, असं तिथले लोक स्वतःच हसत म्हणतात. बॅरन हिर्श यांच्या नावाचं सिनेगॉग आहे, 1929 सालचं कादिमा नाट्यगृह आहे, एक म्युझियम आहे. म्युझियमच्या कपाटात समोवार आणि मातेचं भांडं शेजारी शेजारी ठेवलेलं पाहिलं.

कब्रस्तानात लहान मुलांच्या कबरी आहेत. व्याह्यांनी तिथे कादीश म्हटली. मग आजीच्या कबरीपाशी गेले, एक खडा ठेवला, आणि कडेला माती उकरून तो फुटका भोपळा पुरला. असा काही रिवाज नाही. पण त्यांना कुणी का म्हणून विचारलं नाही. जावयाने वर माती सारली.

नवं भांडं तयार कसं करावं

भोपळा आणला आणि लगेच प्यायला असं होत नाही. त्याला आधी मुरवावं लागतं. आम्ही केलं ते असं:

वापरलेला ओला पाला भोपळ्यात भरावा, वर गरम पाणी घालावं, उकळतं नको. एक दिवस तसंच ठेवावं. दुसऱ्या दिवशी रिकामं करून आतला मऊ पडलेला पापुद्रा चमच्याने हलकेच खरवडावा. बुडातला देठ उचकटू नये, नाहीतर गळती लागते. असं दोन-तीनदा करावं. आतला रंग गडद हिरवट-तपकिरी झाला की भांडं तयार. त्यानंतर रोजचा नियम एकच: पिऊन झालं की लगेच रिकामं करावं, पाण्याने विसळावं, पुसावं आणि हवेशीर जागी आडवं ठेवून वाळवावं. साबण लावू नये. ओलं भांडं कपाटात बंद केलं की बुरशी आलीच.

धातूचं किंवा काचेचं नवं भांडं वापरण्याआधी मिक्वेत बुडवण्याची रीत आहे. निव्वळ भोपळ्याला आणि लाकडाला ती लागत नाही. पण कडी आणि नळी धातूचीच, तेव्हा आपल्या रब्बींना विचारून घ्यावं.

मुलांसाठी चार नियम

एक, पाणी ओतणारा एकच असतो, आणि पहिला घोट त्याचाच. कारण तो सगळ्यांत कडू. दोन, नळी ढवळायची नाही. तो चमचा नव्हे. तीन, आपल्या वाट्याचं पूर्ण संपवूनच भांडं परत द्यायचं. चार, ‘ग्रासियास’ म्हणजे आभार, पण ते भांडं परत देताना म्हटलं तर त्याचा अर्थ ‘मला आता पुरे’. आमचा नातू शहाण्यासारखा पहिल्याच फेरीला ग्रासियास म्हणाला, आणि मग त्याचा नंबर काही लागेना! तसं लहान मुलांनी चवीपुरतंच घ्यावं, त्यात कॉफीसारखंच कॅफीन असतं.

आणि हो, मेस्सी. 2022 चा वर्ल्ड कप जिंकणारे खेळाडू बसमधून उतरताना पाहिले असतील, तर हातात काय होतं आठवा. चेंडू नव्हे, माते!

वडीलधाऱ्यांसाठी

पाणी उकळतं घेऊ नका. सत्तर ते ऐंशी अंशांचं घेतात, आणि ओतल्यावर जरा थांबून प्यावं. 2016 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सांगितलं की पासष्ट अंशांवरची कुठलीही अति गरम पेयं अन्ननलिकेला धोक्याची असू शकतात. दोष मातेचा नाही, चटक्याचा आहे. धातूची नळी ओठ भाजते हेही लक्षात ठेवावं. ज्यांना झोपेची किंवा छातीत धडधडण्याची तक्रार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारावं, आणि संध्याकाळनंतर टाळावं.

एकाच नळीने सगळ्यांनी प्यावं का? 2020 च्या साथीत आर्जेन्टिनाच्या सरकारनेच सांगितलं की माते वाटून पिऊ नका, आणि बऱ्याच घरांत ज्याचं त्याचं भांडं आलं. आजही खोकला-सर्दी असली की वेगळं घेतात. द्रूझ लोकांकडे पुढच्या माणसाला देण्याआधी नळी लिंबाच्या सालीने पुसतात, तीही रीत चांगली.

आता आमची खरेदी. आमच्या ह्यांचा उजवा हात अलीकडे थरथरतो, त्यांच्यासाठी कातड्यात बसवलेलं रुंद बुडाचं काचेचं भांडं. नातवाला सिलिकॉनचं, निळं. लेकीच्या घरी आजीची कडी बसवलेला नवा भोपळा.

तो भोपळा मुरवायला लेकीने व्याह्यांच्या घरातलाच पाला वापरला, म्हणजे तिकडचीच चव त्यात राहील. पहिल्यांदा प्यायलो तेव्हा आम्ही परत निघायची आदली संध्याकाळ होती. पाणी व्याह्यांनी ओतलं. पहिला कडू घोट त्यांनी घेतला, दुसऱ्याला जावयाच्या हातात दिलं. जावयाने संपवलं, परत दिलं, आणि ग्रासियास म्हणाला नाही. रात्री साडेअकरापर्यंत ते भांडं फिरत होतं.

तुम्हापैकी कुणाला घ्यायचं असेल तर माझा सल्ला असा: रोज धुवून-पुसून ठेवायची तयारी असली तर भोपळा घ्या, नसली तर काच घ्या. फार मोठं घेऊ नका, दोघांच्या घरी लहानच बरं पडतं. आणि नक्षी शेवटी बघा. आधी बघा ते हातात नीट बसतं का, आणि टेबलावर टेकवलं तर उभं राहतं का.